साहेबांनी घेतलेला दिवस-रात्रीचा पाठ

धड्याचं नाव मास्तरनं स्वतः सांगायचं नसतं राव, ते मुलांच्या तोंडून काढायचं असतं. हे आम्हाला प्रशिक्षणात एका साहेबांनी दिवसभर भाषण ठोकून शिकवलं. आम्हाला तोंड उघडायची संधी काही मिळाली नाही.

पुढच्याच आठवड्यात हे साहेब नमुना पाठ घ्यायला आमच्या चाकणच्या, कारखान्यांच्या वस्तीतल्या शाळेत हजर. माझा चौथीचा वर्ग, धडा दिवस आणि रात्रीचा. मी मागच्या बाकावर, शिकायला.

साहेबांनी गोड आवाजात सुरुवात केली. "बाळांनो, अंधार पडला की घरी सगळे काय करतात?"

पहिल्या बाकावरची श्रावणी उठली. "पप्पांचा डबा भरतात. त्यांची नाइट असते."

"बरं. आणि सूर्य उगवला की?"

"पप्पा झोपतात. आम्ही आवाज नाही करायचा."

साहेबांनी रुमाल काढला. "आता सगळ्यांनी विचार करून सांगा. दिवस संपून रात्र का होते?"

अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "शिफ्ट बदलते म्हणून."

साहेब वळले, खडू उचलला आणि फळ्यावर स्वतःच्या हातानं धड्याचं नाव लिहून टाकलं.

नंतर ऑफिसात चहा पिताना मला म्हणाले, "तुमच्या मुलांचं पूर्वज्ञान फार कच्चं आहे. पुढच्या वेळी प्रस्तावनेच्या प्रश्नांची उत्तरं आदल्या दिवशी पाठ करून घ्या."

मी म्हटलं, "घेतो ना साहेब. आणि त्यांच्या पप्पांना रात्री झोपायला तुम्ही सांगताय की मी सांगू?"