कोंडाबाईची कोंडाई झाली ती गोष्ट

टाळकरी मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. पेटीवाले बुवा, तुम्हीही थोडं टेका. हे आख्यान गाता येत नाही. सांगावं लागतं.

मंडळी, एक विचारतो. आपल्यावर कुणी उपकार केला, तर आपण त्याचं काय करतो? लगेच उत्तर देऊ नका. तुम्ही म्हणाल, महाराज, आम्ही उपकार फेडतो. अहो, फेडणारे फार थोडे. बहुतेकांना उपकार करणारा डोळ्यांसमोर नको असतो. तो दिसला की आपण त्याच्या दारात हात पसरून उभे होतो, ते आठवतं.

तुमच्या गावाचं नाव कोंडाई. शाळेच्या भिंतीवर लिहिलंय, देवी कोंडाईनं या माळावर राक्षस मारला, म्हणून हे नाव. मी आज वाचलं. राक्षस होता, यात खोटं नाही. फक्त तो एक नव्हता. दीडशे उंबऱ्यांचा होता.

ऐका तर.

तेव्हा गाव इथं नव्हतं. खाली नदीकाठी होतं. त्या गावात कोंडाबाई नावाची बाई राहायची. तिच्याआधीची तीन भावंडं पाळण्यातच गेलेली. म्हणून आईनं हिला जन्मल्या-जन्मल्या सुइणीच्या ओटीत टाकली आणि मूठभर कोंडा देऊन परत घेतली. मरणाला वाटावं, ही कोंड्याच्या मोलाची, हिला काय न्यायचं. पोर जगली. नाव पडलं कोंडा.

लग्न झालं आणि चार वर्षांत नवरा गेला. त्याच महिन्यात शेजारची दोन लेकरं तापानं दगावली. झालं. गावाला कारण सापडलं. "बाईची नजर वाईट." शिदोजी पाटलानं चावडीवर बोलावून सांगितलं, "कोंडे, गाव सोड." तिनं विचारलं, "जाऊ कुठं?" कुठं, हा प्रश्न हाकलणाऱ्याला कधी पडत नसतो.

एक शेळी घेऊन बाई वर चढली, या माळावर. नुसता खडक आणि कुसळं. एका कपारीशी तिला ओल दिसली. तिनं हातानं माती उकरली, पहारीनं खडक फोडला. महिनाभर खपली, तेव्हा करवंटी बुडेल एवढं पाणी लागलं. शेजारी खोपट घातलं. सात वर्षं ती एकटी राहिली, झरा उकरून मोठा करत. बोलायला कोण? शेळी.

आणि मग खाली गाठीचा रोग आला. आधी घराघरांत उंदीर पडले, मग माणसं. काखेत गाठ, अंगात ताप, तिसऱ्या दिवशी तिरडी. सरकारी माणसं आली. म्हणाली, गाव खाली करा, उघड्यावर जा. उघड्यावर म्हणजे याच माळावर. दीडशे घरं पोराबाळांसकट वर आली आणि पहिल्याच दुपारी सगळ्यांना कळलं की माळावर पाणी एकाच ठिकाणी आहे.

आता मागायला कोण जाणार? पाटील गेले? छे. पाटलांनी सुनेला पुढं केलं. अडचणीच्या जागी सुनेला पुढं करायची आपली रीत जुनी आहे. बघा, बाया हसल्या. पुरुषांचं हसू कुठं गेलं?

सुनेचं नाव मैनावती. एकोणीस वर्षांची पोर. घागर घेऊन खोपटापुढं उभी राहिली. म्हणाली, "मावशी, पाणी पायजे."

कोंडाबाईनं तिच्याकडं पाहिलं, मागं ताटकळलेल्या गावाकडं पाहिलं. म्हणाली, "पाणी माझं न्हाई, खडकाचं हाय. दमानं भरा, गढूळ करू नका. आजाऱ्याला आधी द्या."

एवढंच. सात वर्षांचा एक शब्द काढला नाही.

वर येऊनही रोग थांबला नाही. पंधरवड्यात मैनावतीच्या काखेत गाठ आली. नवऱ्यानं तिला लांब एका पालात नेऊन ठेवलं आणि भाकरी दगडावर ठेवून मागच्या पावली परतला. त्या पालात शिरली कोंडाबाई. अकरा दिवस तिनं पोरीचं अंग पुसलं, गाठ शेकली, चमच्याचमच्यानं पेज पाजली. बाराव्या दिवशी मैनावती उठून बसली. मग कोंडाबाई दुसऱ्या पालात गेली, मग तिसऱ्या. काही वाचले, बरेच गेले. ज्यांना घरच्यांनी शिवायचं सोडलं, त्यांचे डोळेही तिनंच मिटले.

चैत्रात रोग ओसरला. पाटील म्हणाले, आता खाली जायला नको, इथंच गाव वसवू. दोऱ्या लागल्या, रस्ते आखले. गावाच्या मधोमध आला झरा, आणि झऱ्याला लागून कोंडाबाईचं खोपट.

आता नवी कुजबुज सुरू झाली. "एवढी माणसं मेली, ही रोग्यांच्या अंथरुणावर बसली, हिला कसं काही झालं नाही?" ऐकताय ना? ती मेली असती तर म्हणाले असते पापी होती. जगली तर म्हणाले चेटकीण.

पाटील पंच घेऊन आले. "बाई, झरा आता गावाचा. पाण्याच्या तोंडाशी तुझी सावली नको. उद्या निघ."

ती म्हणाली, "पाटील, दुसऱ्यांदा?"

मैनावती तिथंच होती, भरलेली घागर कमरेवर घेऊन. कोंडाबाई तिच्याकडं वळली. "मैना, तू तरी सांग. तू जगलीस कशी?"

सासरा बघत होता. नवरा बघत होता. मैनावतीनं पदर पुढं ओढला आणि घराकडं चालू लागली.

वैशाखाच्या उन्हात बाई निघाली. शेळी रोगाच्या दिवसांतच लोकांच्या पोरांना दूध देता देता आटून मेली होती. ज्येष्ठात गुराख्यांना ती तीन कोसांवरच्या कोरड्या ओढ्यात सापडली. वाळूत हातभर खड्डा उकरलेला, आणि त्यात हात तसेच.

पुढच्या उन्हाळ्यात इथला झरा बारीक झाला. गावाची पाचावर धारण बसली. भगत म्हणाला, बाई कोपली. मग शेंदूर आला, दगड आला, हिरवी साडी आली. खोपटाच्या जागी देऊळ उठलं. कोंडाबाईची कोंडाई झाली, गावालाही तेच नाव मिळालं. राक्षस कुणीतरी मागनं घातला.

तुम्ही विचाराल, महाराज, हे तुम्हाला कुणी सांगितलं? माझ्या आईनं. तिला तिच्या आजीनं सांगितलं, आणि ती आजी म्हणजे मैनावती. होय, मी त्या घरातला. ती त्या दिवशी एक वाक्य बोलली असती, तर बाई जगली असती. म्हातारपणी ती आईला म्हणायची, "पोरी, मला गाठीनं नेलं असतं तर बरं झालं असतं."

मैनावतीला नावं ठेवू नका. आज सकाळी देवीच्या ओटीची रांग होती. एक बाई ताटात खण-नारळ घेऊन आली. पुजारी म्हणाले, "इथं सवाष्णींचीच ओटी चालते. तुम्ही मागनं या." मंडळी, जी कोंडाबाई स्वतः विधवा होती, तिच्या दारातून विधवेला परत पाठवलं. रांगेत तुम्ही होतात. चार पावलांवर मी होतो, गळ्यात हार घालून. मीही उपरणं सारखं करत राहिलो.

ती बाई आत्ता मंडपाबाहेर खांबाशी उभी आहे. मला इथून दिसते. मधल्या वाटेवरची माणसं सरका, तिला पुढं येऊ द्या. आरतीचं ताट आज तिच्या हातात जाईल. तोवर आरती होणार नाही. मी उभा आहे.