ताश-केचूचा बेत

(ताश-केचू, नदीच्या काठचं शेवटचं गाव. संध्याकाळ व्हायला आली आहे. बुरुल घरांमागच्या टेकाडावर कानाला फोन लावून उभी, खाली नदी. फोनवर बिश्केकहून जिपारा.)

बुरुल : …हं, आता येतोय आवाज. बोल, कुठपर्यंत आलीस?

जिपारा : तिसऱ्या घाण्यापर्यंत. आणि कणीक अजून एवढी उरलीय. खांदे भरून आले बघ.

बुरुल : कसला घाणा?

जिपारा : बोरसोक तळतेय गं. सुनेच्या माहेरची माणसं येणार आहेत उद्या, घरभर. आणि मला कळतंय कधी, तर आज सकाळी! बेकतुर, मागे हो! तेल आहे ते! हा नातू म्हणजे ना, दिसली कढई की आलाच. हं, बोल तू.

बुरुल : म्हणजे तू घरी आहेस.

जिपारा : मग कुठे असणार? आणि तू आज कसा फोन केलास? आपलं बोलणं तर रविवारी असतं. पडलीबिडली नाहीस ना कुठे?

बुरुल : नाही, ठीक आहे. जिपारा, आज दहा जुलै.

जिपारा : बरं. कुणाचा वाढदिवस विसरले का मी? कलीपाचा तर थंडीत असतो.

बुरुल : वाढदिवस नाही. आज निघायचं ठरलं होतं. ताश-केचूला.

जिपारा : अगं बाई, ते होय! हो, ठरलं होतं की. गेल्या वर्षी ऑगस्टातला कुठलासा दिवस होता, त्याच्या आदल्या वर्षी जूनमधला. तुझ्या लक्षात राहतं म्हणजे कमाल आहे. शाळा सुटली तरी हजेरी घेणं सुटलं नाही तुझं.

बुरुल : तू म्हणालीस, तुझ्या आधी पोचते.

जिपारा : कधी?

बुरुल : मागच्या रविवारी. मी विचारलं, शुक्रवारी दुपारपर्यंत पोचशील ना. तू म्हणालीस, तुझ्या आधी पोचते, चूल पेटवून ठेवते, तू नुसती गळ घेऊन ये.

जिपारा : म्हणाले असेन. मी काय, बोलायला लागले की बोलतेच.

बुरुल : आणि तंबू?

जिपारा : तंबूचं काय?

बुरुल : धुऊन वाळत घातलाय म्हणालीस. मे महिन्यात.

जिपारा : माझे आई, तंबू धाकट्या मुलानं कधीच विकून टाकला! कलीपा विचारत होती, तंबूला बुरशी आलीय का. तिला काय सांगू, तंबूच नाही? आणि तुला काय वेगळं सांगायचं, हे सगळं तिच्यासाठीच तर चाललंय ना? ती बिचारी तिकडे मॉस्कोत, दिवसभर परक्या म्हातारीला कूस बदलून देते, रात्री येऊन एका खोलीत आठजणींबरोबर झोपते. रविवारी आपण अर्धा तास मासे धरतो, लाकडं गोळा करतो, भांडतो, तेवढंच तिला बरं वाटतं. तू तर काय, दगड न् दगड सांगतेस. मध्ये मला वाटलं, ही खरंच निघाली की काय!

बुरुल : वाटलं तुला तसं?

जिपारा : क्षणभर. मग म्हटलं, छे, आईला जाऊन वर्ष कुठे झालंय. वर्षाचं जेवण घातल्याशिवाय बुरुल कशी जाईल मासे मारायला? तुमचं सगळं कोचकोर गाव बोलेल. तेवढी जनाची चाड आहे तुला.

बुरुल : इतकी वर्षं मीच अडवून धरलं होतं ना.

जिपारा : काय अडवलंस?

बुरुल : आई अंथरुणावर होती. दर वर्षी तुम्ही म्हणायचात, बुरुल मोकळी झाली की जाऊ. म्हणून मला वाटलं, आता माझ्याकडून तरी काही नाही.

जिपारा : असं कसं बोलतेस? आई गेली म्हणजे मोकळी झालीस होय?

बुरुल : तीच म्हणायची गं. मी गेल्यावर वर्षभर भिंतीकडे बघत बसू नकोस, नदीवर जाऊन ये. रविवारी तुमचा फोन आला की उशीजवळ ठेवायला सांगायची. तुझ्यावर हसायची.

जिपारा : माझ्यावर सगळेच हसतात. सोन्यासारखी बाई होती… बुरुल, तू आत्ता आहेस कुठे?

बुरुल : कुठे म्हणजे?

जिपारा : घरीच आहेस ना?

बुरुल : घरीच. कुठे जाणार? चहा ठेवलाय.

जिपारा : हां. मला उगीच धस्स झालं. आता तू कुठल्या काठावर जाऊन बसली असतीस, तर आयुष्यभर ऐकवलं असतंस मला. थांब, मधेच कलीपाचा येतोय. आज हिलाही शुक्रवारचं सुचलं! जोडून घेते. आणि तिच्यासमोर तंबूचं बोलू नकोस हं.

बुरुल : नाही बोलत.

जिपारा : कलीपा! येतंय ऐकू? बुरुल पण आहे.

कलीपा : येतंय.

जिपारा : म्हातारीजवळ नाहीस का आज? एरवी कुजबुजतेस, आज आवाज मोठा लागतोय.

कलीपा : तिची भाची आहे आज. म्हटलं, तुमच्याशी बोलावं.

जिपारा : बरं केलंस. आम्ही ताश-केचूचंच बोलत होतो. सांग गं बुरुल.

बुरुल : काय सांगू?

कलीपा : पूल आहे का अजून?

बुरुल : नाही. पुरात गेला. खांब उरलेत, तेही अलीकडच्या बाजूचे. एकावर कुणीतरी बकऱ्याचं कातडं वाळत टाकलंय.

जिपारा : बघा, हिला घरबसल्या कातडंसुद्धा दिसतं!

कलीपा : मग पलीकडे कसं जायचं?

बुरुल : पुलाच्या जागेपासून प्रवाहाच्या वरच्या अंगाला चालत गेलं की नदी फाकते, मध्ये दगडगोट्यांचं बेट आहे. तिथून उतरायचं, पण पहाटे. रात्री वर बर्फ वितळत नाही, त्यामुळे सकाळी पाणी गुडघ्याशी असतं आणि तळ दिसतो. दुपारी तेच पाणी कमरेवर येतं. नुसती दुधाळ माती.

कलीपा : इसाबेकोव सर काय म्हणायचे?

बुरुल : नदीकडे घड्याळ असतं, तुमच्याकडे नसतं.

जिपारा : ते कलीपालाच म्हणायचे! कॉलेजच्या सहलीत आख्ख्या वर्गाला पाण्याची पातळी मोजायला लावली, आणि ही पलीकडच्या काठावर झाडाखाली झोपून राहिली. दुपारी जागी झाली, तर मध्ये ही एवढी नदी.

कलीपा : तुम्ही मला नान फेकला होतात.

जिपारा : मी फेकला. पाण्यात पडला.

कलीपा : एक माझ्या काठाला पडला होता. अर्धा भिजलेला. तो खाल्ला मी. रात्रभर तुमची शेकोटी दिसत होती. तुम्ही गात होतात.

जिपारा : तुला धीर यावा म्हणून गात होतो!

कलीपा : ऐकू येत नव्हतं काही. तोंडं उघडलेली दिसायची.

जिपारा : झालं, आता रडवू नकोस. मुद्द्याचं बोला. मासे कोण साफ करणार? मी नाही. मारिन्का माशाच्या पोटातला तो काळा पापुद्रा बघितला की मला कसंतरी होतं.

कलीपा : तू करूच नकोस. तू त्या माशाची अंडी तळायला घेतली होतीस. सरांनी कढई लाथेनं उडवली म्हणून वर्ग वाचला.

जिपारा : मला काय माहीत, अंड्यांत विष असतं ते!

बुरुल : सकाळीच शिकवलं होतं.

जिपारा : सकाळी मी सरांच्या मिशा बघत होते.

कलीपा : मासे मी करते. पलीकडे गेल्यावर पहिल्या दिवशी गळ टाकायचे. दुसऱ्या दिवशी वर चढायचं, तळ्यापर्यंत. आर्चाची झाडं आहेत का अजून?

बुरुल : खालची तोडलीत. वरची आहेत. वाट अगदी त्यांच्यातूनच जाते.

कलीपा : बुरुल, हा आवाज कसला येतोय?

बुरुल : कसला?

कलीपा : मागे. सारखा.

जिपारा : नळ असेल. नळ सोडून आलीस का गं?

बुरुल : हो. बादली लावलीय.

जिपारा : कोचकोरात चंगळ आहे बाई, इथे उन्हाळ्यात तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही. बेकतुर! अरे देवा, पिठाचं भांडं पाडलं यानं. ठेवते मी. बुरुल, पुढच्या वर्षीची तारीख आत्ताच काढून ठेव, तोवर तुझं वर्षाचं जेवणही होऊन जाईल. तंबू माझ्याकडे लागला!

कलीपा : …गेली का?

बुरुल : गेली.

कलीपा : बादली केवढी आहे तुझी?

बुरुल : का?

कलीपा : भरत नाहीये. कुठे उभी आहेस?

बुरुल : टेकाडावर. गावात इथेच रेंज आहे. खाली अजर आपाचं घर आहे, शेवटचं. तिला मी आधीच निरोप दिला होता, आम्ही तिघी येऊ, एक रात्र राहू, पहाटे पलीकडे जाऊ. तिनं तीन गाद्या घातल्यात, शेजारी शेजारी. दुपारपासून फाटकाशी उभी राहून विचारतेय, पोरी, गाडी कशी आली नाही तुझ्या मैत्रिणींची.

कलीपा : काय सांगितलंस?

बुरुल : घाटात अडकली असेल म्हणाले.

कलीपा : जिपारा येणार नाही, हे मला माहीत होतं.

बुरुल : तुला?

कलीपा : तिचा धाकटा इथे कामाला होता ना हिवाळ्यात. त्यानंच सांगितलं, तंबू विकला म्हणून.

बुरुल : मग दर वेळी विचारायचीस कशाला, बुरशी आली का, दोऱ्या शाबूत आहेत का?

कलीपा : ती सांगायची किती छान. गच्चीवर वाळत घातलाय, कबुतरं येऊन बसतात. मला ऐकावंसं वाटायचं.

बुरुल : म्हणजे मी एकटीच.

कलीपा : काय एकटीच?

बुरुल : खरं धरून चालले होते. ती तुझ्यासाठी बोलत होती, तू ऐकायला मिळावं म्हणून विचारत होतीस, आणि मी गळ विकत घेत होते. जन्मभर मुलांना सांगितलं, पाहिल्याशिवाय लिहू नका, मोजल्याशिवाय मानू नका. एकदा तरी जिपाराला विचारायचं होतं, तंबू दाखव म्हणून.

कलीपा : तू खरंच येशील असं मला वाटलं नव्हतं, एवढंच माझं चुकलं.

बुरुल : तू तिकीट काढते म्हणायचीस, ते मलाही पुरतं खरं वाटत नव्हतं. पण ती बिश्केकला आहे गं. सकाळी निघाली असती तर दुपारी इथे. आणि मी तिला काय म्हणाले? घरीच आहे. चहा ठेवलाय.

कलीपा : खरं का नाही सांगितलंस?

बुरुल : कढईपाशी उभी होती. रडत बसली असती. मग तिची मला समजूत काढावी लागली असती. तेवढं बळ नव्हतं आज.

कलीपा : आता काय करणार?

बुरुल : सकाळी गाडी आहे खाली जाणारी. जाईन. आपाला सांगेन, त्यांच्याकडे आजारपण निघालं.

कलीपा : आपाकडे घोडा आहे?

बुरुल : आहे. तिची सून म्हणाली पलीकडे सोडते. तिघींना सोडायचं म्हणून तीन खेपा करणार होती.

कलीपा : मग एकच खेप होईल. तिला बरंच.

बुरुल : थट्टा करू नकोस.

कलीपा : थट्टा नाही. तू झोपून राहणारी नाहीस. पाणी चढायच्या आत जाशील, उतरल्यावर परत येशील.

बुरुल : आणि तिकडे कुणाशी बोलू? मासा लागला तर कुणाला हाक मारू? घरी भिंत आहे, तिथे डोंगर. फरक काय?

कलीपा : मी दिवसभर म्हातारीशी बोलते. तिला ऐकू येत नाही. तरी बोलते. सवय होते, पण चांगली नव्हे. म्हणून तुला सांगत नाही की बोल. नुसती जा.

बुरुल : आज का नाही गेलीस तिच्याकडे? भाची कशाला आली? बरं नाही का तुला?

कलीपा : बरी आहे. सुट्टी घेतली.

बुरुल : शुक्रवारची?

कलीपा : दहा जुलै म्हणाली होतीस ना. तेव्हाच त्यांना सांगून ठेवलं होतं, दहा जुलैला मी नाही.

बुरुल : कलीपा…

कलीपा : तिकीटबिकीट काही नाही. एकदा या देशाबाहेर पडले तर परत आत घेतील की नाही कोण जाणे, कागद अजून अर्धवटच पडलेत. नुसती सुट्टी.

बुरुल : थांब. खालून आपा हाक मारतेय.

कलीपा : काय म्हणतेय?

बुरुल : विचारतेय, पहाटे घोडा लागेल का.

कलीपा : मग सांग तिला.

बुरुल : …हो आपा! लागेल! एकटीच आहे मी, एकच खेप! …सांगितलं.

कलीपा : ऐकलं.

बुरुल : आणि तू? सुट्टी घेऊन काय केलंस दिवसभर?

कलीपा : काही नाही. खोलीतल्या सगळ्या कामावर गेल्या. मी बूट घालून बसले होते थोडा वेळ.

बुरुल : कुठले बूट?

कलीपा : चढणीचे. नवीन घेतलेत.

बुरुल : चावतात का?

कलीपा : खोलीत कसं कळणार.