आधी आपल्याच औषधाची पारख

आमचं गाव फुलंब्रीच्या पल्याड. आम्ही मेंढरांमागची माणसं, बाप, आजा समदे रानोमाळ फिरले, मीच तेवढी लगीन होऊन शहरात आले आन् मालक गेल्यावर प्रयोगशाळेत काचसामान धुवायला लागले, ते आजपावतो धुतेच हाय. काय सांगू तुम्हाला, लई सर-म्याडम आले नि गेले, पर आमच्या म्याडमसारखं इमानाचं माणूस मी पायलं नाय.

त्यांनी चार वर्सं खपून मेंढरांच्या एका रोगाची तपासणी बनवली. प्लेटीतल्या बारीक खळग्यांत रक्त टाकायचं, वरून अँटीबॉडी, म्हंजी रोगाला हुडकून चिकटणारं औषध, मंग रंगाचं पाणी, पिवळं झालं की रोग हाय. म्हनल्या, मावशी, गावाकडच्या मेंढरांचं रक्त मिळंल का, मी म्हनलं माझ्या भावाचीच घ्या की. समदे खळगे पिवळेधमक झाले. मला धीर निघंना, मीच भावाला फोन करून रोग हाय म्हनलं, तिथंच चुकले. गावात बोभाटा झाला. खतासाठी मेंढरं शेतात बसवा म्हणून जे मागं लागायचे ते वाट बदलून जायला लागले. भाऊ म्हनला, आक्का, आता समदी कसायाला देऊन मोकळा होतो.

मी म्याडमपुढं रडले. त्या रागावल्या नाय. म्हनल्या, दोन दिवस थांबायला सांगा, एक बी मेंढरू आजारी दिसत नाय आन् समदीच पिवळी कशी, मला माझ्या औषधाचाच शक येतोय.

ते औषध रोगाच्या ज्या तुकड्याला चिकटतं, तसलाच तुकडा त्यांनी बनवून आणलेला, पेप्टाइड म्हनत्यात त्याला. तो औषधात आधीच भरपूर कालवला. म्हनल्या, आता औषधाचं पोट भरलं, खरं असंल तर रक्तात कशाला धरणार नाय, रंग येणार नाय. आन् तरी पिवळं झालं तर ते भलत्यालाच चिकटतंय.

मी म्हनलं, व्हय, आमच्यात बी असंच, मेंढीला तिचं कोकरू आधी पाजू द्यायचं, मंग दुसरं सोडायचं, खरी आई त्या दुसऱ्याला ढुशी देऊन हाकलती, आन् जी कोणालाबी पाजती तिच्यावरून कोकरू कुणाचं ते ठरवायचं नाय. म्याडम हसल्या, म्हनल्या, मावशी, इथं शिकायला येणाऱ्या पोरांना आता तुम्हीच शिकवा.

दुसऱ्या दिवशी प्लेट काढली. एका ओळीत साधं औषध, दुसरीत तुकडा कालवलेलं, दोन्ही ओळी सारख्याच पिवळ्या.  सोमवारी म्याडमला हीच तपासणी प्रयोगशाळेच्या मोठ्या सरांपुढं मांडायची होती. गुमान बसल्या असत्या तर कुणाला कळलं असतं, मेंढरं तर कापूनच गेली असती. पर त्यांनी माझ्याच मोबाइलवरून भावाला सांगितलं, दादा, चूक माझ्या औषधाची हाय, मेंढरं विकू नका. मंग जुन्या पद्धतीनं दुसरीकडं तपासून घेतली, समदी निरोगी निघाली. तो कागद घेऊन त्या स्वतः गावात गेल्या, पारावर उभ्या राहून सांगितलं. सोमवारी सरांपुढं बी तेच बोलल्या. मी चहा देत होते, माझ्या कानांनी ऐकलं.

आता नवं औषध बनवायला घेतलंय, पयल्यापासनं. भावाची मेंढरं परत लोकांच्या शेतात बसत्यात. जुन्या औषधाची डबी अजून फ्रिजात हाय, फ्रिज पुसताना दरवेळी मी विचारते, टाकून देऊ का, आन् दरवेळी त्या म्हनत्यात, राहू द्या मावशी, मला दिसत राहू द्या. मी बी मंग डबी पुसून परत जागेवर ठिवते. देव त्यांच्या हाताला यश देवो.