दर गुरुवारचा फोन

सिस्टरनं दोन पेशंटच्या डोळ्यांत थेंब घातले आणि अर्धा तास डोळे मिटून बसायचा दम भरला. तेवढ्यात रेडिओवर बातमी लागली : चाच्यांनी जहाज पळवलं, खलाशी ओलीस.

"आता सगळे म्हणतील, नौदल पाठवा, उडवा त्यांना," दोघांपैकी बाई फणकारल्या.

"आणि त्यात खलाशीच मेले तर? सरकारनं चिवटपणे बोलणी करावीत," शेजारचे म्हातारे गृहस्थ म्हणाले.

"अगदी बरोबर बोललात! माझा मुलगा तसाच सुटला, सात महिन्यांनी."

"सात महिने! तुमचे हाल झाले असतील."

"परराष्ट्र खात्यातल्या एका साहेबांमुळे तरले हो. दर गुरुवारी फोन करायचे, बातमी नसली तरी. म्हणायचे, 'आज नवीन काही नाही...'"

"'...पण आम्ही विसरलेलो नाही,'" गृहस्थांनी वाक्य पुरं केलं.

 बाईंनी चाचपडत सिस्टरचा हात धरला.

"सिस्टर, मी डोळे उघडतेय. रागवा हवं तर."