मिठाच्या कोठारातलं डावं दार

(जुन्या मिठाच्या कोठाराचं आता संग्रहालय झालं आहे. वरच्या मजल्यावरचं कार्यालय. टेबलावर, पर्यटक कानाला लावून गाव बघत फिरतात तो हेडफोन.)

मॅडम : ...म्हणून फोनवर काही बोलले नाही. म्हटलं, समोरासमोर बोलू. तू वाचलेला अकरा नंबरचा, या कोठाराचा भाग ऐकून आलीस ना?

निवेदिका : ऐकायची गरज नाही, मॅडम. काय झालंय ते मला माहीत आहे.

मॅडम : माहीत आहे? मग आधी नाही का सांगायचं?

निवेदिका : धीर झाला नाही. काम देताना तुम्ही विचारलंत, घरी शांत खोली आहे ना. मी हो म्हटलं. खोली आहे, पण त्या खोलीत माझं सात महिन्यांचं बाळही आहे. आधी दोन ठिकाणी खरं सांगितलं, तर ‘कळवतो’ म्हणाले. अजून कळवताहेत. म्हणून इथं तोंडच उघडलं नाही. वेशीचा दरवाजा, रंगाऱ्यांची गल्ली, जकातघर, सगळं तो झोपला की वाचलं. अकरा नंबरला त्याचा श्वास ऐकू येतो. बारीक, मागे. मध्ये एकदा अंगठा चोखल्याचाही आवाज आहे.

मॅडम : श्वास? तो श्वास आहे होय? मी इथंच फिरत ऐकलं, मला वाटलं कोठारातला वारा. खिडक्या बघायला सुतार बोलावला मी.

निवेदिका : म्हणजे... मला त्यासाठी नाही बोलावलंत?

मॅडम : अगं, तू लोकांना डाव्या दारातून आत पाठवलंयस. मीठ मोजायचं दालन उजवीकडे. डावीकडे आमच्या पहारेकरी काकांची खोली. महिनाभर जो येतो तो त्यांच्या जेवणाच्या डब्यापुढे जाऊन उभा राहतो.

निवेदिका : कागदावर तर उजवीकडेच लिहिलं होतं.

मॅडम : लिहिलं होतं. म्हणून तर कोडं पडलं.

निवेदिका : मला वाचताना हातवारे करायची खोड आहे. त्या दिवशी तो माझ्या उजव्या दंडावर झोपला होता. हलवला असता तर उठला असता. मोकळा हात डावाच. तोच पुढे केला, आणि तोंडातूनही तेच गेलं.

मॅडम : आता हे वरच्या साहेबांना लिहून कसं द्यायचं, ते तूच सांग.

निवेदिका : काकांना फार त्रास झाला का?

मॅडम : त्रास कसला. पहिल्या दिवशी कुरकुरले. दुसऱ्या दिवशी माझ्याकडून बाकडं मागून नेलं. त्यांचे आजोबा इथंच गोण्या वाहायचे. ओल्या गोणीचं मीठ पाठीला झोंबायचं, म्हणून हमालांच्या बायका जुन्या कापडाच्या घड्या शिवून द्यायच्या, असं काका लोकांना सांगतात. भिंतीवर प्रत्येक हमालानं खिळ्यानं ओढलेली रेघ आहे. त्यातली आजोबांची कोणती, तेही दाखवतात. मग म्हणतात, भिंतीला बोट लावा आणि चाखून बघा. परवा एक प्राध्यापक चाखताना सापडले मला. अभिप्रायाच्या वहीत गावातल्या राजवाड्यावर चार ओळी आहेत, आणि काकांच्या खोलीवर नऊ पानं.

निवेदिका : मग आता ते दार...

मॅडम : उजवं ते उजवंच. तेवढं वाक्य पुन्हा म्हणायचं. आणि डाव्या दारासाठी नवा भाग करायचा, काकांशी बसून. पुढे नदीकाठची गावं आहेत, डोंगरातली तळी आहेत. ती तुलाच द्यायची म्हणून बोलावलं. डाव्या-उजव्याचं आपलं जाता जाता.

निवेदिका : आणि मी, मॅडम, सासूबाईंना सांगून आले, अर्ध्या तासात परत येते, काम काढून घ्यायला तेवढा वेळ पुरे.

मॅडम : आता रेकॉर्डिंग इथंच करू. भिंती चांगल्या हातभर जाड आहेत. बाळालाही घेऊन ये.

निवेदिका : आणि रडला तर?

मॅडम : तर थांबू. कोठार कुठं पळून चाललंय? दुपारी किती वाजता झोपतो?

निवेदिका : दीड ते तीन. कधी कधी पावणेतीनलाच उठतो.

मॅडम : मग वेळापत्रकात दीड ते पावणेतीन लिहिते.