सम प्रकरणं त्याची

नाही नाही, तुम्ही वाचा हो काका, मी आपलं सहज विचारलं. कव्हर ओळखीचं दिसलं म्हणून. निळं, आणि त्यावर ते वाकडं घड्याळ — आमच्याकडेही हेच चालू आहे सध्या. नातू आत गेलाय का तुमचा, आईबरोबर? मग आहे तुम्हाला वेळ. डॉक्टर खोकल्याला बराच वेळ लावतात, इंजेक्शनला नाही लावत. आमचं इंजेक्शन आहे. ही चार महिन्यांची. तिला अजून काही माहीत नाही, म्हणून एवढी शहाण्यासारखी बसलीय मांडीवर. हिचा बाबा गाडी लावायला गेलाय. मगाशीच गेलाय तसा. कितव्या प्रकरणावर आहात तुम्ही? बारा? अरे वा. आमची नऊ झाली. म्हणजे माझी पाच झाली आणि त्याची चार. तसं नाही, पुस्तक एकच आहे, थांबा, सांगते नीट.

त्याचं असं आहे — मी कवळ्या बनवते. दातांच्या. दवाखान्यातून लोकांच्या तोंडाचे साचे येतात, त्यात प्लास्टर ओतायचं, आणि ते घट्ट होईपर्यंत हात लावायचा नाही. बाकीचे तेवढ्यात चहाला जातात, मी वाचायचे. जाडजूड कादंबऱ्या मी लोकांच्या दाढा सुकता सुकता संपवल्यात. घरी तर विचारूच नका, एका हाताने भाजी ढवळायची, दुसऱ्या हातात पुस्तक, भाजी लागली तरी चालेल पण पान सुटता कामा नये. तर ही होणार म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, आता ती पुस्तकं माळ्यावर टाक, दहा वर्षांनी काढ. प्रेमाने म्हणाल्या हो, त्या सगळं प्रेमानेच म्हणतात. मी म्हटलं, बघू. पण खरं सांगू का, धसका घेतला मी. बाळंतपणाचा नाही, त्याला काय, ते सगळ्यांचं होतं. वाचन सुटेल याचा. माझ्या मोठ्या बहिणीचं सुटलं. तिला विचारलं हल्ली काय वाचतेस, तर म्हणते, डब्यावरची तारीख. हसत म्हणते, पण मला नाही हसू आलं.

मग ही युक्ती काढली. म्हणजे त्याने काढली, श्रेय त्याचं आहे. आपल्याकडे गल्लीत गाड्या लावायचा नियम आहे ना — सम तारखेला या बाजूला, विषम तारखेला त्या. तर तो म्हणाला, पुस्तकाचंही तसंच करू. विषम प्रकरणं तुझी, सम माझी. मोठ्याने वाचायचं, हिला ऐकवायचं. तिला काय, आवाजाशी कारण, बालगीत काय आणि कादंबरी काय. मी माझं प्रकरण सकाळी हिला दूध पाजताना वाचणार, तो त्याचं संध्याकाळी वाचणार — तेवढ्यात माझी अंघोळ होते, केस होतात, माणसात येते मी जरा. आणि मग दुपट्यांच्या घड्या घालताना एकमेकांना सांगायचं, तुझ्यात काय झालं, माझ्यात काय झालं. मागचं उलटून बघायचं नाही. वेळ कुठे आहे मागचं बघायला? म्हणजे बघा, अख्खी कादंबरी घरात फक्त हिने ऐकलीय. आम्ही दोघं निम्मे-निम्मे. आणि हे वाचणारा माणूस कोण, तर लग्नाआधी ज्याने फक्त लिफ्टची माहितीपुस्तिका वाचलेली. लिफ्ट दुरुस्त करतो तो. अडकलेली माणसं काढतो. आठव्या मजल्यावर, खाली नुसता अंधार, एका कडीला धरून लोंबकळतो हा, आणि आतल्या बाईशी हवापाण्याच्या गप्पा मारतो, ती घाबरू नये म्हणून. तो माणूस केवळ माझं वाचन सुटू नये म्हणून कादंबरी वाचायला लागला. मैत्रिणींना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसला नाही.

पण पुस्तक चांगलं आहे, नाही? म्हणजे जरा प्रयोगशील आहे. मला आवडतं तसं, मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगितलंय, वाचाच. आता ती मावशीच घ्या ना — चौथ्या प्रकरणात मावशी मरते, आणि पाचव्यात ती स्वयंपाकघरात उभी राहून चहा करते, आणि कुणाला काहीच वाटत नाही. आपला नायक, तो घड्याळजी, तिला म्हणतो, साखर कमी घाल. मेलेल्या बाईला. मी ते पान दोनदा वाचलं, अंगावर काटा आला. मृत्यूकडे इतकं साधेपणाने बघणं — काय? कोण नाही मेलं? मावशी. घड्याळजीची मावशी. चौथ्यात. बघा ना उघडून.

कुठे? हे? 'सकाळच्या गाडीने मावशी गेली.' अच्छा. गाडीने गेली. लेकीकडे. आणि प्रकरणाच्या शेवटी परत येते का? येते. हं.

नाही, म्हणजे त्याने मला तेवढंच सांगितलं होतं, मावशी गेली. दुपटं हातात होतं माझ्या, मी म्हटलं, अरेरे, कशाने? तो म्हणाला, अचानकच. मी म्हटलं, वाईट झालं. तो म्हणाला, हो ना. आता 'गेली' म्हटल्यावर माणूस काय समजणार? चूक माझीच म्हणायची. पण मग 'अचानकच' का म्हणाला हा? आणि प्रकरणाच्या शेवटी ती परत येते ते — ते नाही सांगितलं. पहिलंच वाक्य आहे ना हे प्रकरणाचं? हो, पहिलंच आहे.

एक विचारू? ते काचेचं घड्याळ तुम्हाला कसं वाटलं? काचेचं हो. दुसऱ्या प्रकरणात कुणीतरी दुकानात आणून ठेवतं ते, अख्खं काचेचं, आतली चाकं दिसतात, एवढंसं. नाही? सहाव्यात तर सगळं त्याच्यावरच आहे. काय आहे सहाव्यात? दुकानात पाणी शिरतं. बरं. आणि आठव्यात? भावकीतलं भांडण. काचेचं काही नाही, कुठेच? नीट आठवून सांगा. नाही, तुमच्यावर अविश्वास नाही, तुम्ही बारापर्यंत सरळ वाचत आलाय, तुम्हाला माहीत असणार. मला वाटायचं, माझ्या प्रकरणांत त्याचा उल्लेख येत नाही तो लेखकाने मुद्दाम टाळलाय. मी त्याचंही कौतुक करत होते.

म्हणजे हा वाचतच नाही. पहिलं वाक्य वाचतो आणि मिटतो. खुणेची पट्टी मात्र बरोबर पुढे सरकवलेली असते — हिच्या हाताला जन्मल्यावर बांधलेली कागदी पट्टी आहे ती, तीच आम्ही खूण म्हणून घालतो. लबाड माणूस. पण आवाज तर यायचा हो मला. न्हाणीघरात नळ बंद केला की दारातून त्याचा आवाज यायचा, एकसारखा, हळू. मला वाटायचं, वाचतोय. मग बोलायचा काय तो हिच्याशी? ए, तू ऐकलंयस ना सगळं. काय सांगायचा गं बाबा?

नाही, गोष्ट वाईट नव्हती. ऐका तुम्हीच. ते काचेचं घड्याळ दुकानात येतं, आणि घड्याळजी, ज्याने आयुष्यभर लोकांची मोठमोठी मनोऱ्यांवरची घड्याळं चढून दुरुस्त केली, तो याला हात लावत नाही. हात जाड आहेत त्याचे. त्याला वाटतं, आपण उचललं आणि तडा गेला तर. किल्ली द्यायची वेळ झाली की तो हात पुढे करतो, पण बायको चटकन येते आणि म्हणते, थांब तू, मी करते. मग तो थांबतो. ती बाहेर गेली की तो स्टूल ओढून त्याच्यासमोर बसतो आणि त्याला दिवसभराच्या गोष्टी सांगतो. घड्याळाला. हात मांडीखाली घालून. सहावं प्रकरण संपलं. आठव्यातही तेच, फक्त घड्याळ जरा मोठं वाजायला लागलेलं असतं. मी वैतागले. म्हटलं, काय मेषपात्र माणूस आहे हा तुझा घड्याळजी, उचल ना म्हणावं एकदाचं, असा भित्रा माणूस लिहितं का कुणी? तो घडी घालत होता. म्हणाला, असतात बुवा अशी माणसं. आणि दुपट्याची घडी चुकीची घातली त्याने, मी ते त्याच्या हातातून घेऊन नीट केलं.

हो.

थांब तू, मी करते. हे मी म्हणते. दिवसातून किती वेळा म्हणते देव जाणे. हिला पाळण्यातून काढताना, अंघोळीला, ढेकर काढताना. मी अंघोळ करून यायचे तेव्हा ही नेहमी पाळण्यात असायची आणि तो शेजारी स्टुलावर. कधी त्याच्या मांडीवर दिसली नाही. मला वाटायचं, किती शिस्तीचा बाबा आहे, मांडीची सवय लावत नाही. आणि इंजेक्शन असलं की याला गाडी लावायला जागा सापडत नाही. मागच्या वेळीही नव्हती सापडली. आठव्या मजल्यावर लोंबकळणारा माणूस हो हा.

मला कादंबरीतलं सगळं कळतं, काका. लेखकाने एक ओळ कमी लिहिली तरी कळतं. मेलेली मावशी चहा करते त्याचा अर्थ लावला मी.

तो बघा आला, तो जिना चढतोय, निळ्या शर्टातला. एवढं पुस्तक मिटून ठेवा जरा. नुसतं उलटं नका ठेवू, मागेही तेच घड्याळ आहे. पिशवीत घाला. आणि हे बघा, मावशी वारली. तुम्हीही तेच वाचलंय.

मिळाली जागा? बरं झालं. कुठली बाजू, समची? हं. काही नाही, काकांशी बोलत होते, त्यांचा नातू आत आहे. नाही, पिशवी राहू दे, पिशवी माझ्याकडेच राहणार आहे. हिला घे. हो, तूच. मला ओढणी नीट करायचीय. हो, आत्ताच करायचीय. हात असे खाली घाल — मान धरायला नको रे आता, ती धरते स्वतःची स्वतः. कधीपासून म्हणजे? झाले की दिवस. सांगायचं राहिलं. सैल नको धरूस, घट्ट धर, तिला आवडतं घट्ट. रडेल. रडू दे की, इंजेक्शन टोचल्यावर कोण रडत नाही. मी इथेच आहे, बाकावर. नाही, मी नाही येत आत. तू जा.

आणि ऐक. आज दहावं आहे, तुझं. मला आता राहवत नाही त्या काचेच्या घड्याळाचं पुढे काय होतं ते. नीट सगळं सांगायचं संध्याकाळी, काही गाळायचं नाही.

बोलावलं बघ. जा.

वाचा हो काका तुम्ही. माझ्याकडे बघू नका. वाचा.