वीस चिंचोक्यांचा डाव

(इंदापूरजवळ उजनी धरणाच्या फुगवट्याचा काठ. कललेली दुपार. म्हशी पाण्यात बसल्या आहेत. बाभळीखाली रामहरी आणि त्याची बायको सारजा. मधे टॉवेलवर दोन फासे आणि चिंचोके. शेजारी भरलेली बॅग.)

सारजा: आन् सात पडला तर?

रामहरी: पयल्या फेकीला सात पडला तर आपुन जिंकलो. अकरा पडलं तरी जिंकलो. दोन, तीन, बारा पडलं की गेलं. बाकी कुठलाबी आकडा पडू दे, समज सहा, तो आपला निशाण. मग सहा पुन्हा पडंपतूर टाकत ऱ्हायचं.

सारजा: आन् मधीच सात आला?

रामहरी: मग गेलं. फासे शेजारच्याच्या हातात.

सारजा: म्हंजी आधीचा सोयरा घटकेत वैरी झाला.

रामहरी: आगं तीच तर गंमत हाय. आमच्या समुद्रातल्या बोटीवर जुगाराचा हॉल हाय, तितं कोट घातलेली माणसं टेबलाभवती उभी ऱ्हात्यात. मी ग्लास उचलाया जायचो. हिरव्या कापडावर फासे पळायचे, खाली बोट हळूहळू डुलायची, आन् समदे एकदम गप. मला वाटायचं, आपुन झोपेत हाय.

सारजा: तुमी झोपेतच हुता. हितं मी जागी हुते.

रामहरी: आईक तर खरं. नुसतं नशीब न्हाय ते, रीत हाय. हे बग, तुझं वीस चिंचोके. एका डावाला एकच ठिवायचा. कितीबी हात शिवशिवला तरी एकच. निम्मं गेलं की उठायचं. निम्म्यानं वाढलं तरी उठायचं. निशाण पडला की मागनं थोडं आणिक ठिवता येतं, त्या ठिवणीत टेबलवाला एक पैसा खात न्हाय.

सारजा: मग टेबलवाला खातो काय?

रामहरी: न उठणारी माणसं.

सारजा: म्हंजी डेअरीला दूध घालून साठवलेल्या माझ्या अकरा हजाराचं तुमी वीस भाग करणार.

रामहरी: आन् अकराचं सोळा झालं की उठणार. असं दर बंदराला. सहा बंदरं धर. मग ही बोट शेवटची, सारजा. हितंच, ह्या काठाला दोन खोल्या बांधू. खिडकी पाण्याकडं. थंडीत ती लांब पायाची पाखरं उतरत्यात बग, ती अंथरुणातनं दिसतील. तू चहा आणशील...

सारजा: तितंबी चहा मीच आणायचा व्हय?

रामहरी: बरं, मी आणीन. बोटीवर तरी दुसरं काय करतोय.

सारजा: मग लोणीला करा की. तितल्या कारखान्यात क्यांटीनला माणूस पायजे, शेजारची जयवंता कालच सांगून गेली. सांजच्याला घरी याल.

रामहरी: क्यांटीनच्या पगारात खिडकी कवा हुयाची?

सारजा: नगं मला खिडकी. मी दार उघडं ठिवीन, बसा बगत.

रामहरी: तू ना, सपान पडू लागलं की पाणी वततीस.

सारजा: एक इचारू? ही रीत तुमी सोता कधी पाळली?

रामहरी: बोटीवर कामगारास्नी खेळाया बंदी हाय.

सारजा: बंदराला न्हाय.

रामहरी: ...ती कान्ही बग, किती आत गेली.

सारजा: म्हस येती तिची तिची. सांगा.

रामहरी: एकदाच. श्रावणात. निम्मं गेलं तवा निगालो हुतो गं, खोटं न्हाय सांगत. दारापतूर गेलो. तेवढ्यात मागनं हाका आल्या, फासे माझ्यापाशी आले हुते. म्हणलं, एकच फेक.

सारजा: श्रावणात. ज्या महिन्याला तुमचं पैसं आलं न्हाय.

रामहरी: व्हय.

सारजा: चिठ्ठीत लिवलं हुतं, बोटीच्या हापिसात घोळ झाला.

रामहरी: व्हय.

सारजा: त्या महिन्यात मी कालवड इकली. बावड्याच्या माणसाला. टेम्पोत चढंना ती, मान वळवून माझ्याकडंच बगत हुती. आन् मी तुमच्या हापिसाला शिव्या घालत हुते. महिनाभर घातल्या, अवो. त्या बिचाऱ्या हापिसाला.

रामहरी: मला लय लाज वाटती, सारजा. रातरात झोप आली न्हाय. म्हणून तर ते भरून काढायचं हाय.

सारजा: भरून काढायचं म्हंजी आणिक एकच फेक. घ्या, टाका. माझे वीसच्या वीस लावले.

रामहरी: आगं, आत्ता काय सांगितलं? समदे एकदम न्हाय लावायचे!

सारजा: वर्सभर थोडं थोडंच लावलं की मी. रोज दोन येळंला, चरवी घिऊन. आज समदे. टाकणाऱ्याच्या इरुद्ध लावता येतं का?

रामहरी: येतं. निशाण पडल्यावर सात आला की तू जिंकलीस. पर तसल्या माणसाकडं टेबलावर कुणी नीट बगत न्हाय.

सारजा: नगं बगू दे. मला तुमच्या हातातनं फासे सुटल्यालं पायजेत. टाका.

रामहरी: हे घे... आठ. निशाण आठ.

सारजा: फुडं.

रामहरी: पाच... धा... चार. पुन्हा धा.

सारजा: पाणी बगा कसं पिवळं झालं. हळू टाका, घाई न्हाय.

रामहरी: नऊ. अकराबी पडलं. डाव एवढा लांबत न्हाय गं कधी. सात यायाच्या सहा वाटा असत्यात, आठाच्या पाचच.

सारजा: येईल. मला वाट बगायची सवय हाय.

रामहरी: सहा... पुन्हा पाच... सारजा, मला त्या टेबलापाशी असं कधी वाटलं न्हवतं. बरं वाटतंय.

सारजा: मलाबी. टाका.

रामहरी: चार आन् तीन. सात.

सारजा: आला.

रामहरी: जिंकलीस. विसाचं चाळीस झालं, बाई.

सारजा: ते ठिवा तुमाला. फासे कुणाकडं आलं?

रामहरी: तुझ्याकडं. नेमच हाय. घे, टाक.

सारजा: न्हाय टाकायचे.

रामहरी: मग दे इकडं, बॅगेत ठिवतो. फाट्यापतूर चालत जायाचं हाय, साडेपाचची गाडी कुणासाठी थांबत न्हाय.

सारजा: माझी पाळी हाय न्हवं?

रामहरी: हाय की.

सारजा: मी टाकीपतूर दुसऱ्याला हात लावता येतो?

रामहरी: न्हाय. पर तू टाकलंच न्हाईस, तर समदं टेबल खोळंबून ऱ्हाईल.

सारजा: ऱ्हाऊ दे.

रामहरी: किती वेळ?

सारजा: गाडी जाईपतूर.